आमच्या फाउंड्रीनं जर्मनीत कारखाना घेतला त्याची हकिकत

अनगोळ, बेळगाव
बुधवार

तीर्थस्वरूप पारूआक्का हिला धाकट्या सत्याप्पाचा मनापासून जयभीम.

इकडं आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तू कशी आहेस? मागच्या खेपेला तुझा डावा गुडघा धरला होता आणि तू डॉक्टरांना उजवा दाखवून आलीस, कारण (तुझेच शब्द) डाव्याला हात लावला असता तर दुखलं असतं. त्यावर डॉक्टरांनी काय दिलं आणि ते तू कुठल्या गुडघ्याला लावलंस, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. निपाणीत सगळं बरं असेल असं धरून चालतो. पत्र बघून दचकू नकोस, वाईट काही नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणारच. पण आपल्या फोनवर बोलतेस तू आणि ऐकतो मी, आणि मधेच तुझा चहा उतू जातो. शिवाय आमच्या घरात मी फोनवर बोललेलं सगळं तुझ्या भावजयीला, म्हणजे मालूला, स्वयंपाकघरात ऐकू जातं. म्हणून कंपनीच्या वहीतले कागद घेऊन जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. बोट ठेवून सावकाश वाच, आणि ताजा कलम आधी वाचायची तुझी खोड या वेळेपुरती सोड.

तर बातमी अशी की आमच्या कंपनीनं जर्मनीतली एक फाउंड्री विकत घेतली. होय, आमच्या नवदुर्ग कास्टिंग्जनं, जिथं पावसाळ्यात लाकडी नमुने ठेवायच्या पॅटर्नच्या खोलीत अजून बादल्या ठेवाव्या लागतात. धाकटे मालक आदर्शसाहेब यांनी आम्हा सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं, मागं पडदा लावला आणि पडद्यावर डोंगर, नदी, एक चर्च आणि त्याच्या शेजारी तांबड्या विटांचा कारखाना दाखवला. म्हणाले, हा आता आपला. आम्हाला वाटलं डोंगरासकट. आमचा मष्णू (तू त्याला ओळखतेस, खानापूरकडचा, आमच्या लेकीच्या, अक्षराच्या, बारशाला फणस घेऊन आलता तो) माझ्या कानाशी लागला आणि म्हणाला, "सत्याप्पाण्णा, म्हंजे आता आपण बी मालकच की रं!" मी म्हटलं, व्हय, फक्त संध्याकाळची बस चुकवू नकोस.

पण खरं सांगतो, त्या आठवड्यात उद्यमबागेत आमची चाल बदलली होती. चहाच्या टपरीवर दुसऱ्या कारखान्यातली माणसं आम्हाला आधी जागा द्यायला लागली. गेटवरचा रखवालदार येणाऱ्या ट्रकवाल्यांना "इंटरनॅशनल हाय, नीट लाव" असं कन्नड, मराठी आणि हिंदी तिन्ही भाषांत सांगायला लागला. नवीन ओळखपत्रं आली, त्यावर नवीन चिन्ह आलं, आणि माझ्या फोटोखाली नाव आलं दुसऱ्याच कुणाचं. ते दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. तोवर मी मशीन शॉपमधला कुणी सौरव म्हणून आत जात होतो आणि तो बिचारा सत्याप्पा म्हणून. जेवणानंतर इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. दुपारी साडेबारा वाजता जर्मनीत नुकती सकाळ असते, म्हणून त्या वेळेला पडद्यावर बैठक असते. त्यांच्या डोळ्यांत झोप आणि आमच्याही डोळ्यांत झोप, त्यामुळे दोन देशांचं लवकर जमतं.

पहिल्या बैठकीत एक गंमत कळली. आम्ही इकडं काळजीत होतो की आता सगळं काम तिकडं जाणार. आणि तिकडचे कामगार काळजीत होते की आम्ही येऊन त्यांची यंत्रं पेट्यांत भरून बेळगावला आणणार आणि नदीकाठी नुसत्या विटा ठेवणार. म्हणजे एकमेकांची तोंडंसुद्धा न पाहिलेली दोन गावं एकमेकांना घाबरून बसली होती. तिथल्या कामगारांची एक समिती असते आणि मालकाला मोठा निर्णय घ्यायचा तर आधी तिला विचारावं लागतं. हे ऐकल्यावर आमच्या युनियनचे पुढारी तीन दिवस दुसरं काही बोललेच नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी आदर्शसाहेबांना कॅन्टीनच्या आमटीबद्दल आमचीही समिती नेमून तिला विचारा म्हणून पत्र दिलं. तू बिडी कामगारांच्या मोर्चात पुढं असायचीस, तू असतीस तर आमटीवर थांबली नसतीस.

आता माझ्या खात्याचं सांगतो, कारण घोडं तिथं अडलं होतं. तू सगळ्यांना सांगतेस की आमचा सत्याप्पा लोखंड ओततो. आक्का, मी लोखंड ओतत नाही. मी वाळू बघतो. लोखंड ओतायचा साचा वाळूचा असतो. त्या काळ्या वाळूत माती, कोळशाची भुकटी आणि पाणी असतं, आणि ते सगळं बरोबर जमलंय का हे कुणीतरी सांगावं लागतं. पाणी जास्त झालं तर वाफ धरते आणि लोखंडात भोकं पडतात. कमी झालं तर साचा आतच ढासळतो. मी मूठभर वाळू घेतो, दाबतो, मूठ उघडतो, बोटांचे ठसे बघतो, ढेकूळ मधोमध मोडतो आणि सांगतो, चालू द्या किंवा थांबा. एकतीस वर्षं हेच करतोय. माझ्या हाताखाली मष्णू आणि ओमकार आहेत. आमचं खातं एवढंच, तीन माणसं आणि सहा मुठी. आणि बातमी फुटली की जर्मनीच्या कारखान्यात वाळूसाठी प्रयोगशाळा आहे, तसंच यंत्र इथं येणार, आणि आम्हा तिघांना फेटलिंगला धाडणार. फेटलिंग म्हणजे तयार माल घासून-ठोकून साफ करायचं खातं, दिवसभर धूळ. मष्णूला धूळ सोसत नाही, शेतात मळणी निघाली तरी तो आठ दिवस खोकतो. ओमकारला तर मीच दुसरी नोकरी सोडायला लावून इथं आणलंय. मी मात्र बिलकूल डगमगलो नाही. दोघांना म्हटलं, जोवर ही मूठ आहे तोवर कुणी हलत नाही. (मूठ त्या वेळी खिशात होती.)

मग तिकडून फोरमन आले. नाव कार्ल. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, पाय एवढे लांब की आमच्या रिक्षात गुडघे कानाला लागले. त्यांच्या स्वागताची हकिकत ऐक आणि हसू नकोस. आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये वाद निघाला की एका कंपनीनं दुसरी घेतली म्हणजे नातं काय लागतं. मष्णू म्हणाला, भावकी. युनियनवाले म्हणाले, नातं-बितं काही नाही, भांडवल. शेवटी कॅन्टीनच्या गुणाबाईंनी हातातला झारा खाली ठेवला आणि निकाल दिला की जी दुसऱ्याच्या घरी नांदायला येते ती सून, तेव्हा जर्मनीची कंपनी ही आपली सून, आणि सून उंबऱ्यातून आत येताना माप ओलांडते. कुणीतरी म्हणालं, अहो, येणारा माणूस साठीचा बाप्या आहे. गुणाबाई म्हणाल्या, "कंपनी बाई हाय का बाप्या, ह्ये तुला काय ठावं रं?" आपल्यात ही मापं-बिपं नाहीत हे मी मनातल्या मनात म्हटलं, पण गुणाबाईंच्या हातात आमची आमटी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साच्यांच्या खात्याच्या, म्हणजे मोल्डिंग शॉपच्या, दारात तांदळानं भरलेलं माप, वर गुळाचा खडा. एचआरच्या प्रियदर्शनी मॅडम (खानापूरच्या, पुण्यात जर्मन शिकून आलेल्या, यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही) साहेबांना घेऊन आल्या. साहेब मापापाशी थांबले. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला हात उचलून तयार. साहेब खाली बसले. त्यांनी मापाचा फोटो काढला, खिशातून टेप काढून उंची मोजली, माप दोन्ही हातांनी उचलून भिंतीशी नेऊन ठेवलं, गुळाचा खडा पडला होता तो परत वर ठेवला, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मॅडमनी नंतर वाचून दाखवलं: दारात पायाला अडथळा, आत तांदूळ, कारण अज्ञात. कारखान्याच्या सुरक्षेच्या यादीत आमचं पहिलं कलम हे. गुणाबाई लालबुंद झाल्या. सुनेनं माप उचलून बाजूला ठेवायचं म्हणजे काय! पण दुपारी साहेबांनी त्यांचा भात दोनदा मागून घेतला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की पोरगी वळणावर येईल.

आता माझ्या लढाईचं सांगतो. साहेबांनी पेटीतून यंत्र काढलं. एका नळीत वाळू घालायची, वरून ठोकायची, काट्यावर आकडा येतो. साहेबांनी दहा घमेली भरून घेतली, मला बाहेर उभं केलं आणि कशात पाणी जास्त, कशात कमी असं स्वतःच्या हातानं करून ठेवलं. अख्खी पाळी काम टाकून बघायला जमली होती. आधी यंत्र, मग मी. नऊ घमेल्यांत यंत्राचं आणि माझं एकमत झालं. (मष्णूनं प्रत्येक वेळी शिट्टी वाजवली, ते बरं दिसत नव्हतं, पण मला बरं वाटत होतं.) दहाव्याला यंत्र म्हणालं, चांगली. मी मूठ दाबली, उघडली, ठसे ठीक होते. मोडून बघितली. कडा ठीक होती. पण हाताला काहीतरी खटकलं. मी म्हटलं, "साहेब, ही चालायची न्हाय. दमलीया ही." मॅडमनी त्याचं जर्मन केलं. साहेबांनी विचारलं, वाळू दमते म्हणजे काय? मी म्हटलं, तीच तीच वाळू परत परत वापरली की तिच्यातल्या मातीचा जीव जातो. पाणी तेवढंच असतं, धरून ठेवायची ताकद नसते. साहेबांनी त्या घमेल्यातल्या वाळूचा साचा करायला लावला, लोखंड ओतलं, थंड होईपर्यंत तिथंच खुर्ची टाकून बसले. साचा फोडला तर आतल्या मालाच्या पाठीवर देवीचे व्रण असावेत तशी भोकं.

शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, ओमकारनं मला उचलायचा प्रयत्न केला आणि त्याची कंबर धरली. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी तो भोकं पडलेला तुकडा हातात घेतला आणि मॅडमना जे सांगितलं ते ऐकून माझीही हसायची इच्छा गेली. म्हणाले, आमच्याकडं गेली चार वर्षं असाच माल निघतोय. यंत्र म्हणतं वाळू चांगली, आणि माल मात्र फुटतो. आमच्याकडंही एक म्हातारा होता, मुठीनं वाळू बघायचा. त्याच्या निवृत्तीला आम्ही केक कापला, घड्याळ दिलं, आणि त्याच्या जागी यंत्र आणलं. त्याच्याकडून शिकून घ्यावं असं एकालाही सुचलं नाही. तो वारला. गिऱ्हाइकं गेली. म्हणून तर आम्ही विकले गेलो, आणि म्हणून तुम्हाला परवडलो. आक्का, आम्ही जी जर्मनी घेतली म्हणून मिरवत होतो, ती एका म्हाताऱ्याला न विचारल्यामुळं आमच्या पदरात पडली होती. मला त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचं फार वाईट वाटलं.

मग साहेबांनी विचारलं, तुला हे कसं कळतं ते सांग, मी लिहून घेतो. इथं माझी पंचाईत झाली. एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. चालू द्या म्हटलं की चालू व्हायचं, थांबा म्हटलं की थांबायचं. मी म्हटलं, हाताला कळतं. साहेबांनी लिहिलं: हाताला कळतं. पुढं? पुढं काही नव्हतं. पंधरा दिवस हेच चाललं. मी म्हणायचो, लई नको, जरा कमी. मॅडम विचारायच्या, जरा म्हणजे किती? मी म्हणायचो, बेतानं. मॅडमनी बेतासाठी जर्मन शब्द शोधायला एक रविवार घालवला. शेवटी मी म्हटलं, भाकरीच्या पिठासारखं, मळून हाताला चिकटायचं थांबतं तेव्हा जसं लागतं तसं. साहेबांनी भाकरीचं पीठ पाहिलेलं नव्हतं. मग त्यांना आणि मॅडमना घरी आणलं.

मालूनं परातीत जोंधळ्याचं पीठ घेतलं, कढत पाणी घातलं आणि साहेबांना खाली बसवलं. (बसवायलाच पाव तास लागला, पाय कुठं ठेवायचे हा प्रश्न होता. एक पाय शेवटी फ्रिजखाली गेला.) साहेब मळायला लागले. मालू म्हणाली, जोर लाव. त्यांनी जोर लावला तर परात फिरली. मालू म्हणाली, तसा नव्हे. मॅडमनी विचारलं, मग कसा? मालू म्हणाली, "असा." आणि मळून दाखवलं. साहेबांनी वही काढली आणि लिहिलं: असा. म्हणजे आमच्या घरातल्या दोन्ही जाणत्या माणसांना आपली विद्या सांगता येत नाही हे त्या दिवशी जर्मन भाषेत नोंदलं गेलं. भाकरी मात्र साहेबांनी चार खाल्ल्या, हिरव्या मिरचीच्या खरड्याबरोबर, आणि नंतर बराच वेळ दाराबाहेर उभे राहिले.

त्या संध्याकाळी साहेबांना हॉटेलवर सोडून येताना मला तू आठवलीस. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. तू बिड्या वळायला बसायचीस आणि पानं भिजवून पोत्यात गुंडाळून ठेवायचं काम माझं असायचं. माझी पानं कधी कडक राहायची, कधी लगदा व्हायची. तू ओरडायचीस, पण पान कसं असावं हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस. एक दिवस तू माझा हात धरलास, त्यात पान ठेवलंस, वरून तुझा हात ठेवलास आणि दाबलंस. म्हणालीस, "आता ध्यानात ठेव." ते मी ध्यानात ठेवलं. त्याच बिड्यांवर तू मला आयटीआय शिकवलंस, आणि त्या वाळूच्या ढिगापाशी मी पहिल्या दिवशी मूठ भरली तेव्हा मला शिकवायला आलेल्या मिस्त्रीला मी म्हटलं होतं, हे मला येतंय. तुला हे मी कधी सांगितलं नाही. आज लिहून टाकतोय, कारण तोंडानं मला जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या मुठीत वाळू भरली, वरून माझी मूठ धरली आणि दाबलं. उघडलं, मोडलं, पुन्हा भरली. मॅडमना म्हटलं, तुम्ही आज काही बोलू नका. दिवसातून साठ-सत्तर वेळा. मष्णूनं आणि ओमकारनंही धरलं. अकराव्या दिवशी साहेबांनी एक घमेलं बघितलं, मूठ उघडली, डोकं हलवलं आणि मराठीत म्हणाले, "दमली." बरोबर होतं. त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते वाळू उडाल्यामुळं आलं असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

मग निर्णय झाला. आदर्शसाहेबांनी बोलावलं आणि सांगितलं, यंत्राची ऑर्डर थांबवली आहे. सत्याप्पा, तू एका वर्षासाठी जर्मनीला जायचं, तिथल्या आठ जणांच्या हाताला शिकवायचं. तोवर मष्णू आणि ओमकार इथं नवीन पोरांना शिकवतील. हे साधलं तर दोन्हीकडं वाळूचं खातं राहील, आणि तिथला कारखानाही उभा राहील. पण कुणी जाणारच नसेल तर मग इथंही यंत्र, आणि तुम्ही तिघं फेटलिंगला. माणूस शिकवू शकत नसेल तर तो गेल्यावर आमची गतही त्यांच्यासारखीच व्हायची. बोलणं सरळ होतं, मला आवडलं.

तेव्हा आक्का, तुझा भाऊ जर्मनीला चाललाय. पासपोर्ट झाला. पोलिस चौकशीला घरी आले तेव्हा त्यांनाही मी मूठ दाखवली. खडे बाजारात कोट शिवायला टाकलाय. थंडी असते म्हणतात, पण आपण निपाणीच्या माळावर पहाटे शेकोटीशिवाय वाढलेली माणसं. विमानाचं मला काही वाटत नाही. लोंढ्याच्या स्टेशनात रात्रभर गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाला विमान म्हणजे काय. जेवणाचं बघता येईल, भाषेचं मॅडमनी बघितलंय. अडचण एकच, मालू. ती फार घाबरली आहे. दिवसभर गप्प असते, डोळ्यांत पाणी, जाऊ नका म्हणते. मी तिला रोज धीर देतो. बायकांचं काळीज ते. पण मी खंबीर आहे, तू निर्धास्त राहा. गुडघ्याला जप, आणि डाव्यालाही डॉक्टरांकडं ने.

तुझा लाडका (हे तूच म्हणतेस),
सत्याप्पा

ता. क. १ – कोट शिवायला टाकलेला नाही. नुसती मापं देऊन आलोय. शिंप्याला म्हटलं, मी सांगेन तेव्हा काप.

ता. क. २ – मालू घाबरलेली नाही. हे आधी लिहायला हवं होतं. तिनं दोन डबे चटणी कुटून बांधून ठेवली आहे, गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय, आणि मी गेल्यावर पुढची खोली रंगवून घ्यायची म्हणून रंगाऱ्याला बघून ठेवलंय. माझ्या डोळ्यांपुढं निळा आणि पिस्ता असे दोन रंग नाचवले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते चटणीमुळं.

ता. क. ३ – परवा मी प्रियदर्शनी मॅडमच्या टेबलापुढं उभा राहिलो आणि म्हटलं, मॅडम, मी जाणार नाही, घरातून नको म्हणतात, बायको ऐकत नाही. त्या बाईनं एवढं समजून घेतलं की मला शरम वाटली. म्हणाल्या, सोमवारपर्यंत कागद दाबून ठेवते, आणि रविवारी स्वतः घरी येऊन वहिनींना समजावते. म्हणजे रविवारी मॅडम येणार, आणि आमच्या घरात बांधून ठेवलेली चटणी आणि रंगांचे नमुने बघणार. आक्का, तुझं काम इथं आहे. तू शनिवारी फोन कर. मालू जवळ असताना कर, मी स्पीकर लावतो. तू मला शिव्या घाल, तुला आठवतील तेवढ्या. म्हण की गेला नाहीस तर या घरची पायरी चढू नकोस. मग मी मॅडमना सांगेन की आमच्या थोरल्या बहिणीनं घरातलं सगळं मिटवलं, आता रविवारी यायची गरज नाही. मालूची अब्रू राहील, माझीही राहील.

ता. क. ४ – का जात नाहीस, असं तू विचारणार, म्हणून लिहितो. विमानाला भीत नाही, थंडीला भीत नाही. पण तिथली वाळू वेगळी आहे. साहेबांनी त्यांच्या नदीकाठच्या वाळूची एक पिशवी आणली होती, ती मी एकटा असताना उघडली, ओली केली आणि मूठ भरली. हाताला काहीच कळलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मूठ उघडली आणि हात नुसता हात होता. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आठ माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी राहतील आणि मला कळणार नाही, तर मी कोण? मष्णू रोज डबा उघडताना विचारतो, "सत्याप्पाण्णा, जायची तारीख कळली व्हय?" मी म्हणतो, व्हिसा अडकलाय. त्याला वाटतं व्हिसावर त्याची नोकरी अडली आहे. तो रोज सकाळी खंडोबाला व्हिसासाठी नमस्कार करून येतो.

ता. क. ५ – ती पिशवी मी घरी आणून माळ्यावर ठेवली आहे. काल पुन्हा मूठ भरून बघितली. काही कळलं असं नाही. पण कुठंतरी थोडंसं लागलं, किंवा मला तसं वाटलं. तुला मनातून वाटत असेल की या वयात मी जाऊ नये, तर फोन करू नकोस, मी समजेन आणि सोमवारी मष्णूला काय ते सांगेन. पण आक्का, फोन कर.